वडिलांचा लॅपटॉप आणि म्हैसूरची ताडपत्रं

फौजी माणसाच्या सामानात एक काळी ट्रंक अशी असते, की जी प्रत्येक बदलीत ट्रकमध्ये चढते, उतरते आणि न उघडता पुढच्या स्टेशनला जाते. माझी अशी ट्रंक म्हैसूरला उघडली, तीही पावसाळ्यात तिच्या तळाला ओल आली म्हणून. आत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा लॅपटॉप होता. अण्णा गेल्यावर साताऱ्याचं घर आवरताना मी तो टॉवेलात गुंडाळून ठेवला होता आणि नंतर विसरलो होतो.

खरं तर तो लॅपटॉप माझाच. कमिशन मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी कोर्समेटकडून सेकंडहँड घेतलेला. पुढे नवा घेतला आणि हा सुट्टीत घरी नेऊन अण्णांना दिला. अण्णा निवृत्त मास्तर. त्यांनी त्यावर पत्ते खेळावेत अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी भलताच उद्योग आरंभला. आमच्या भागातल्या जुन्या फौजी माणसांना भेटायचं, त्यांच्या आठवणी वहीत उतरवायच्या आणि मग लॅपटॉपवर टाइप करायच्या. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता. ६२, ६५, ७१ पाहिलेले लोक. कोणी तोफखान्यात, कोणी मराठा लाइट इन्फंट्रीत, कोणी नुसता लंगरमध्ये स्वयंपाकी. सात वर्षांत एकेचाळीस माणसं झाली. आज त्यांतला एकही हयात नाही. वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरला तो हा लॅपटॉप.

आता तुम्ही म्हणाल, मग चार्जर लावायचा आणि बघायचं. मीही तेच करणार होतो. ते न केल्यामुळे आज हा लेख लिहू शकतोय. जुना लॅपटॉप जपण्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. तो कपाटात जपून काही होत नाही. त्यातलं वाचता येत राहील असा जपावा लागतो, आणि ते जमायचं तर त्या यंत्राची जन्मपत्रिका, ज्याला आपण स्पेसिफिकेशन म्हणतो, ती आधी हातात लागते.

आपल्याकडे स्पेसिफिकेशनचा उपयोग एकच, विकत घेताना मिरवायला. किती जीबी, किती गिगाहर्ट्झ. यंत्र जुनं झालं की ते आकडे हसण्यावारी जातात. माझ्या ट्रंकेतल्या यंत्राचे बघा: पेन्टियम टू प्रोसेसर, ३६६ मेगाहर्ट्झ. रॅम ६४ एमबी. हार्ड डिस्क ६ जीबी. पडदा १२.१ इंची, ८०० बाय ६००. फ्लॉपी ड्राइव्ह, एक यूएसबी, एक सिरियल पोर्ट, एक पॅरलल पोर्ट. विंडोज ९८. आजच्या साध्या मोबाइलपुढे हे काहीच नाही. पण हे सगळं मला यंत्र चालू न करता ठाऊक होतं, कारण अण्णांनी ते एका दोनशेपानी वहीच्या पहिल्या पानावर मास्तरी अक्षरात लिहून ठेवलं होतं. खाली एक ओळ होती: 'मराठी लिहिण्याचे सॉफ्टवेअर चालण्यासाठी मागील बाजूस लहान पेटी जोडणे. पेटी सुपारीच्या डब्यात.' सुपारीचा डबा ट्रंकेतच होता. ती पेटी, म्हणजे डोंगल, त्यात होती. वाळवीनं ही एक वही कशी सोडली ते तिलाच ठाऊक.

म्हैसूरमध्ये मी सध्या एनसीसीच्या पोस्टिंगवर आहे. माझ्या एका कॅडेटनं देवराज अर्स रस्त्यामागच्या गल्लीतला एक दुरुस्तीवाला दाखवला. तिशीतला पोरगा, दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय दहा. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चार्जरची पिन हातात घेतली, तसा त्यानं माझा हात धरला. "सर, मत कीजिए. पहले डिस्क बाहर."

त्याचं म्हणणं असं. एक, इतकी वर्षं पडून असलेल्या यंत्रात कुठली बॅटरी गळली असेल, कुठला कपॅसिटर फुटला असेल, सांगता येत नाही. वीज दिली की शॉर्ट होऊन बोर्ड जाऊ शकतो. दोन, डिस्क मरणपंथाला असेल तर तिच्याकडे मोजकेच फेरे शिल्लक असतात. विंडोज चालू होताना स्वतःच्या कामासाठी डिस्कवर सतत काहीबाही लिहीत असतं. म्हणजे आपण बघायला जातो आणि तेच पुसायला लागतो. म्हणून आधी डिस्क काढायची, अडॅप्टर लावून दुसऱ्या संगणकाला जोडायची, तीही फक्त वाचण्यापुरती, आणि तिची बिट न् बिट नक्कल उतरवून घ्यायची. फाइली उघडण्याचे सगळे प्रयोग नंतर, आणि तेही नकलेवर. जखमी माणसाला आधी स्थिर करायचं, चौकशी नंतर, हे आम्हाला शिकवतात. लॅपटॉपच्या बाबतीत हे मला त्या पोरानं शिकवलं.

नक्कल उतरायला साडेनऊ तास लागले. एरवी सहा जीबी म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा मामला. डिस्क काही जागी अडत होती, खरखरत होती. एकेचाळीसपैकी अडतीस फाइली सलग आल्या. तीन तुटल्या. त्यांत एक ६५ सालच्या लढाईतल्या ड्रायव्हरची आहे. हे गृहस्थ मला आठवतात. आमच्या ओट्यावर बसून चहा बशीत ओतून प्यायचे. त्यांच्या फाइलचं पहिलं पान आहे, पुढे काही नाही. चार वर्षं आधी ट्रंक उघडली असती तर कदाचित ते पूर्ण मिळाले असते. हा दोष यंत्राचा नाही, माझा आहे.

प्रत्येक यंत्र कशानं मरणार हे त्याच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेलं असतं, हे मला या निमित्तानं कळलं. उदाहरणं द्यायची तर थेट सुरुवातीपासून देतो. १९८२ साली आलेला ग्रिड कंपास हा आजच्यासारखा पडदा मिटणाऱ्या पहिल्या लॅपटॉपांपैकी एक. मॅग्नेशियमची पेटी, इंटेल ८०८६ प्रोसेसर, साधारण पाच किलो वजन, किंमत आठ हजार डॉलरच्या वर. अमेरिकी सैन्यानं तो वापरला, नासानं अंतराळयानात नेला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. ३४० केबीची मॅग्नेटिक बबल मेमरी होती, फिरणारा एकही भाग नसलेली, धक्क्याला दाद न देणारी. फौजी माणसाला आवडावी अशीच गोष्ट. पण ते तंत्रच पुढे बाजारातून गेलं. आता असं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याला बबल मेमरी समजणारा माणूसही जपावा लागतो.

त्याच्या उलट १९८३ चा टीआरएस-८० मॉडेल १००. आठ ओळींचा पडदा, आणि चार साध्या पेन्सिल सेलवर वीस तासांच्या आसपास चालणारा. बातमीदारांचा लाडका. सेल आजही कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, त्यामुळे ही यंत्रं चाळीस वर्षांनंतरही चालू सापडतात. त्याला मारते ती आतली छोटीशी निकेल-कॅडमियम बॅटरी. मेमरी राखायला बसवलेली ती बॅटरी म्हातारपणी गळते आणि बोर्डावरचा तांब्याचा मार्ग खाऊन टाकते. रखवालदारानंच घर फोडावं तसं. ती वेळेवर काढली की यंत्र वाचलं. पण ती आत आहे, हे माहीत असायला हवं ना!

हीच गोष्ट पुढच्या पिढ्यांची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचे आणि नव्वदीच्या सुरुवातीचे लॅपटॉप कपॅसिटर गळून जातात. त्या काळातल्या काही पडद्यांचा पोलरायझरचा थर दमट हवेत कुजतो आणि त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. नव्वदीनंतरचे पडदे उजळतात ते आतल्या बारीक फ्लुरोसंट नळीनं. ती लालसर पेटायला लागली की दिवस भरले समजा. लिथियम बॅटरी फुगते. रबरी लेप चिकट होतो, बिजागरीजवळचं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. फ्लॉपीवर बुरशी येते. आणि ज्यांना वाटतं की पेनड्राइव्हवर टाकलं म्हणजे झालं, त्यांच्यासाठी: पेनड्राइव्हमधली नोंद विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षं न वापरता ठेवल्यास ओसरू शकतो.

फौजेत हा विचार नवा नाही. इथल्याच म्हैसूरमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरीनं आमच्या पाकीटबंद पुलाव-हलव्यावर काम केलं. सियाचीनमध्ये पाकीट हातात घेतलं की आपण आधी तारीख बघतो. कुठलं अन्न कशानं बिघडेल आणि किती महिन्यांत, याचा हिशेब करूनच ते पाकिटात भरलेलं असतं. गाडीला लॉगबुक असतं, रायफलची हिस्टरी शीट असते, आणि न वापरता ठेवलेल्या गाडीलाही ठरावीक दिवसांनी चालू करून बघतात. एवढं सगळं करणारे आम्ही लोक घरी गेलो की वडिलांचा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळतो.

फाइली तर मिळाल्या. पण खरी अडचण त्यानंतर होती. नव्या संगणकावर फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हांचा चिखल. ज्यांनी नव्वदीत किंवा दोन हजारच्या आसपास मराठी टाइप केलंय, त्यांना हे दुखणं माहीत आहे. तेव्हाचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. कानाची जागा कुठली, रफाराची कुठली, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून आली. अण्णांचं यंत्र विंडोज ९८ चं. शिवाय त्यांचं सॉफ्टवेअर स्वतःच्याच साच्यात फाइल ठेवायचं आणि डोंगल जोडल्याशिवाय उघडायचंच नाही. डोंगल लागतो पॅरलल पोर्टला. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. म्हणजे वहीतली 'एक पॅरलल पोर्ट' ही क्षुल्लक नोंद हीच किल्ली निघाली. त्या पोर्टसाठी ते जुनं यंत्रच चालवणं भाग होतं.

म्हणून मग दुरुस्तीवाल्यानं बोर्ड उघडला, घड्याळाची बॅटरी काढली, मुख्य बॅटरी बाजूला ठेवली आणि मूळ डिस्कऐवजी तिची नक्कल एका आठ जीबीच्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवून ते बसवलं. कार्ड मुद्दाम आठचं, कारण त्या काळच्या काही यंत्रांना ८.४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही. यंत्र चालू झालं. तारीख दाखवली १ जानेवारी १९८०. डोंगल लावला. आणि अण्णांची पहिली फाइल शुद्ध मराठीत उघडली. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी मी एकेक फाइल दोन प्रकारे बाहेर काढली: एकदा जशी दिसते तशी छापील पानाच्या रूपात, आणि एकदा युनिकोड मजकूर म्हणून. दुसऱ्या प्रकारात जोडाक्षरांच्या चुका फार होतात, म्हणून पहिला प्रकार पुराव्याला लागतो.

या दरम्यान एका रविवारी इथल्या ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूटपाशी गेलो होतो. १८९१ साली स्थापन झालेली ही संस्था. इथंच १९०५ मध्ये ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना कौटिल्याचं अर्थशास्त्र सापडलं. तंजावर भागातल्या एका पंडितानं आणून दिलेल्या ताडपत्रांच्या गठ्ठ्यात ते होतं. १९०९ मध्ये त्यांनी ते छापलं. आम्हा फौजी लोकांना कोर्समध्ये कौटिल्याची वचनं ऐकवतात, पण ते पुस्तक शतकानुशतकं हरवल्यासारखंच होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि एक बारीकशी गोष्ट: मजकूर संस्कृत होता, पण लिपी ग्रंथ. ती वाचता येणारा माणूस त्या गठ्ठ्यापर्यंत पोचला नसता, तर ताडपत्र शाबूत राहूनही अर्थशास्त्र हरवलेलंच राहिलं असतं.

ताडपत्राला गवती चहासारख्या गवताचं तेल पुसतात, कोरलेल्या अक्षरांत काजळी भरतात. अशी निगा पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी घेतली. जीर्ण झालं की नवी प्रत उतरवली. म्हणजे यंत्र जपणं, नक्कल करणं आणि वाचण्याची किल्ली जपणं, तिन्ही कामं त्या लोकांनी केली. आपल्या मोडीचंही तेच. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची दप्तरं गोळा करत होते, तेव्हा कागद होते आणि मोडी वाचणारेही होते. उद्याच्या राजवाड्यांना आपल्या माळ्यावर मिटलेले लॅपटॉप सापडतील. ते चालू होणार नाहीत. झालेच तर वाचता येणार नाहीत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, भंगार साठवायचं का? नाही. प्रत्येक लॅपटॉप जपण्यालायक नसतो. ज्यात काही नाही आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही, तो रीतसर ई-कचरा घेणाऱ्याला द्या. त्यात शिसं आणि इतर विषारी धातू असतात, ते उकिरड्यावर जाऊ नयेत. दुसरा आक्षेप आमच्या लोकांचा: डिस्क फोडायची असते, जपायची नसते. सरकारी कामाच्या डिस्कबाबत हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथं हयगय नको. पण हाच हिसका घरी चालवला तर घरची आठवणही हातोड्याखाली जाते. कुठली डिस्क नष्ट करायची आणि कुठली जपायची, हा फरक करता येणं म्हणजेच शिस्त.

आपण घडवलेली यंत्रंही या यादीत घ्यायला हवीत. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनी यांनी सिम्प्युटर घडवला. लॅपटॉप नव्हे, तळहातावर मावणारा संगणक, भारतीय भाषांत चालणारा. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सनं त्यातला अमिडा बाजारात आणला. तो फार खपला नाही, हे खरं. पण न खपलेली यंत्रंच आधी नाहीशी होतात, कारण ती मुळात थोडी असतात. म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात इंजिनांभोवती पोरं हुंदडताना बघतो तेव्हा वाटतं, वाफेच्या इंजिनाला १९७९ पासून इथं हक्काची जागा आहे. आपल्या संगणकांनाही अशी जागा हवी, आणि त्यांतले काही चालू स्थितीत हवेत.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात विंडोज ९८ चा एक चालता लॅपटॉप असावा, त्याला फ्लॉपी ड्राइव्ह आणि पॅरलल पोर्ट असावा, आणि जुने मराठी फॉन्ट त्यात भरलेले असावेत. कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे त्याला ते चालवता यावं. लेखकांची, मास्तरांची, गावच्या इतिहासकारांची कित्येक हस्तलिखितं त्या एका यंत्रावर सुटतील. खर्च एका साध्या नव्या लॅपटॉपहून कमीच येईल.

आणि घरी काय करावं? जुना लॅपटॉप सापडला तर चालू करू नका. बॅटरी सहज निघत असेल तर काढा. फुगलेली असेल तर हात न लावता जाणकाराकडे न्या. डिस्कची नक्कल आधी उतरवा आणि ती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. यंत्र कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह. सहा महिन्यांनी एकदा त्याची मेंटेनन्स परेड. पण या सगळ्याआधी एक वही घ्या आणि लिहा: प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क कुठली, पोर्ट कोणते, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय लिहिलंय, पासवर्ड काय, आणि डोंगल कुठल्या डब्यात आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो माणूस घरात आहे तोवर लिहा.

गेल्या रविवारी आईला फोनवर एक फाइल वाचून दाखवली. ७१ च्या लढाईत लंगर सांभाळणाऱ्या एका जवानाची. पुढे सरकलेल्या कंपनीसाठी त्यानं पोत्यात चपात्या भरून रात्रभर चालत नेल्या होत्या. आई शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या ड्रायव्हर भाऊंचं वाच ना." मी एक पान वाचलं आणि पुढचं हरवलंय असं सांगितलं. ती म्हणाली, "थोडं मला आठवतंय. ते इथंच बसून सांगत होते, मी चहा देत होते."

पुढच्या सुट्टीत तिच्याजवळ बसून ते लिहून घेणार आहे. या वेळी वहीत आणि युनिकोडमध्ये, दोन्हीकडे.